आरोग्यबोध व बालकथा

साथीच्या ऐन भरांत निघालेल्या पुस्तकांचें परीक्षण त्याच वेळीं करूं नये. परीक्षकाचें मन तेव्हां ठिकाणावर नसतें, आणि पुस्तकाविषयीं बोलतां बोलतां तो त्याच्या हेतूविषयींच बोलूं लागतो. हेतु तर बहुतेकांचा चांगलाच असतो. २०२० सालच्या मार्चअखेर सगळा देश घरांत बसला, शाळांना कुलुपें लागलीं, आणि पुढच्या चार-सहा आठवड्यांत जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून मुलांसाठीं करोनाविषयींचीं पुस्तकें एकामागून एक बाहेर पडूं लागलीं. त्यांतल्या कित्येकांना छापखाना लागला नाहीं, दुकान लागलें नाहीं, किंमतही लागली नाहीं. मोबाईलवरून तीं घरोघर पोंचलीं. आमच्याही घरीं तशींच आलीं. त्या वेळीं तीं आम्हीं वाचलीं तीं उपयोगासाठीं. आतां पुष्कळ दिवस गेल्यावर तीं पुन्हां काढून वाचलीं, आणि उपयोग सरल्यावर त्यांत काय उरलें आहे हें पाहावेंसें वाटलें. त्याबरोबर एक जुना प्रश्नही पुन्हां पुढें आला. रोगापासून जपण्याचे नियम गोष्टींतून शिकवूं गेल्यास गोष्टीचें काय होतें, आणि ती ऐकणाऱ्या मुलाचें काय होतें?

गोष्टीचा एक स्वभाव आहे. तिला कर्म आणि फळ यांचा सांधा जुळवावा लागतो. आपल्याकडील मूल पहिल्यानें जें ऐकतें तें बहुधा आजीच्या तोंडची कहाणी असतें. आणि कहाणींत वसा घेतला तर भरभराट होते, टाकला तर दैन्य येतें, पुन्हां घेतला तर गेलेलें सर्व परत मिळतें. साथीच्या रोगांचीही आपल्या समाजानें अशीच कहाणी केली होती. पटकी आली ती मरीआई कोपली म्हणून. अंगावर फोड आले ते देवी आल्या म्हणून. रोगाला तोंड दिलें, राग दिला, आणि रागाला कारणही दिलें. लस टोंचण्यालाही आपल्या भाषेनें 'देवी काढणें' असेंच म्हटलें. शास्त्र घरांत आलें तें जुन्या कहाणीचें बोट धरून आलें.

शास्त्रानें मात्र हा सांधा मोडला आहे. विषाणूला राग नाहीं आणि लोभही नाहीं. तो नियम पाळणाऱ्याच्या घरांत शिरतो, आणि मोडणाऱ्याचें दार चुकवून पुढें जातो. नियम पाळल्यानें रोगाचा संभव कमी होतो, एवढेंच शास्त्राला सांगतां येतें. 'संभव कमी होतो' या वाक्याची गोष्ट कशी करावयाची? सहा वर्षांच्या मुलाला संभव-असंभवाचें गणित कळत नाहीं. न्याय मात्र फार चांगला कळतो. आरोग्यबोधपर बालकथेपुढची खरी अडचण ही आहे. फडके-खांडेकरांच्या काळीं गाजलेला कला आणि जीवन यांचा वाद तिच्याकामीं फारसा उपयोगी पडत नाहीं. मुलांना बोध नको, असें कोण म्हणेल? गोष्टीच्या सांगाड्यांतच असा एक निवाडा बसलेला आहे कीं जो रोगाला लागू पडत नाहीं, हें खरें दुखणें आहे.

या प्रकारच्या लेखनाचा मूळ पुरुष म्हणून फ्रँकफुर्टचा डॉक्टर हाइनरिख हॉफमन याच्याकडे बोट दाखविण्याची चाल आहे. १८४४ च्या नाताळांत आपल्या लहानग्या मुलासाठीं पुस्तक आणावयास तो गेला. बाजारांत जीं मिळालीं तीं इतकीं रुक्ष व उपदेशपर निघालीं कीं, शेवटीं तो कोरी वही घेऊन घरीं आला आणि तींत त्यानें स्वतःच चित्रें व पद्यें घातलीं. पुढील वर्षीं तें पुस्तक छापून निघालें. नखें न कापणारा, केस न विंचरणारा पीटर त्यांतलाच. सूप पिणार नाहीं म्हणणारा कास्पर पांचव्या दिवशीं मरतो, आणि अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे अंगठे शिंपी येऊन भल्या मोठ्या कात्रीनें छाटून टाकतो. आजच्या आईबापांच्या अंगावर कांटा येईल असाच हा मजकूर आहे. तथापि पावणेदोनशें वर्षें मुलें त्याला हंसत आलीं आहेत, कारण तेथें न्यायाची इतकी अतिशयोक्ति आहे कीं मुलाला ती खोटी म्हणून ओळखतां येते. हॉफमन डॉक्टर होता. आजारी मुलांच्या उशाशीं बसून चित्रें काढून त्यांचें रडें थांबविण्याची त्याला संवय होती. साथीचा खरा रोग त्यानें या पुस्तकांत आणला नाहीं. त्यानें आणल्या त्या मुलांच्या खोडी, आणि खोड ही मुलाच्या स्वाधीन असते.

आरोग्यविषयक म्हणून ज्या बालकाव्याला मी सर्वांत वरचें स्थान देईन, तें रशियांत १९२३ सालीं निघालेलें कोर्नेय चुकोव्स्की याचें 'मोइदोदीर' होय. नांवाचा अर्थच 'भोकें पडेपर्यंत धू' असा आहे. यादवी युद्धाचीं, उपासमारीचीं आणि टायफस ज्वराचीं वर्षें तेव्हां नुकतींच मागें पडलीं होतीं. हा ज्वर उवांमुळें पसरतो. तेव्हां त्या देशांत अंग धुणें हा जिवाचा प्रश्न होता असें म्हटल्यास चालेल. अशा वेळीं लिहिलेल्या या काव्यांत ज्वराचें नांव नाहीं, मरणाची छाया नाहीं. सकाळीं उठून पाहतो तों एका घाणेरड्या मुलाचें पांघरूण पळत सुटलें आहे, पाठोपाठ उशी, मेणबत्ती, पुस्तक. आईच्या खोलींतून लंगडत लंगडत हात धुण्याचें भांडें येतें आणि सेनापतीच्या थाटांत त्याला दटावतें. मुलगा रस्त्यावर धांवतो, अंग घासण्याची चोयटी त्याच्या पाठीस लागते, आणि एक मगर ती गिळून टाकते. शेवटीं मुलगा अंग धुतो आणि पळालेल्या सर्व वस्तु आपापल्या जागीं परत येतात. कर्म-फळाचा सांधा येथेंही आहे, पण तो खरा आहे. मळ साबणानें निघतो. त्यांत संभव-असंभवाचा प्रश्न नाहीं. कवीनें वचन दिलें तें तेवढ्याचेंच, आणि तें पाळलें. वेग तर असा कीं बोध केव्हां होऊन गेला हें कळतही नाहीं.

या काव्यावर त्याच्याच देशांत एक आक्षेप घेण्यांत आला होता. मळकटपणाची निंदा करतांना कवि धुराडीं साफ करणाऱ्यांचा उल्लेख करतो. त्यामुळें कष्टकऱ्यांविषयीं मुलांच्या मनांत तिटकारा उत्पन्न होईल, असें कांहीं मंडळींचें म्हणणें पडलें. चुकोव्स्कीचे चाहते या आक्षेपाला हंसतात. मला हंसू येत नाहीं. आमच्या लहानपणच्या क्रमिक पुस्तकांतून एक स्वच्छ मुलगा आणि एक घाणेरडा मुलगा असे दोघे शेजारीं शेजारीं उभे असत, आणि घाणेरडा मुलगा कोणत्या वस्तींतला आहे हें चित्रकार न सांगतांही दाखवीत असे. ज्या घरांत नळ नाहीं, ज्या घरांतली बाई पहांटे उठून दोन हंडे आणते, त्या घरच्या मुलाला वर्गांत ते पान वाचतांना काय वाटत असेल? २०२० सालीं 'वारंवार हात धुवा, एकमेकांपासून दूर राहा' हा उपदेश एका खोलींत आठ माणसें राहणाऱ्या चाळींत आणि झोपडपट्टींतही पोंचला. तो चुकीचा नव्हता. परंतु तो पाळणें हा सद्‌गुण आणि न पाळणें हा दुर्गुण असें गोष्टीनें ठरविलें, म्हणजे गरिबीच दुर्गुणांत जमा होते.

आपल्या भाषेंत तर स्वच्छता आणि पावित्र्य यांच्या सीमा आधींच एकमेकींत मिसळल्या आहेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तील त्यांचे सोंवळ्यानें पछाडलेले वडील ज्यांनीं एकदां पाहिले, त्यांना २०२० सालीं बाजारांतून आलेली भाजी साबणाच्या पाण्यांत बुडविणारीं घरें पाहून त्यांची आठवण झाल्याशिवाय राहिली नसेल. दुसरें उदाहरण १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'मधील. स्नान झाल्यावर ओल्या पायांना माती लागूं नये म्हणून श्याम आईला पदर पसरावयास लावतो, आणि पायांना जपतोस तसें मनालाही जप, अशा अर्थाचें ती त्याला सांगते. हा प्रसंग महाराष्ट्रांतील मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनीं डोळ्यांत पाणी आणून वाचला आहे. मीही वाचला आहे. साने गुरुजींना शिकवावयाचें होतें तें मनाचें, आणि तें त्यांनीं साधलें. परंतु आरोग्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हाच दुवा घातक ठरूं शकतो. पायांचा मळ आणि मनाचा मळ एकजात झाले, कीं ज्याला रोग झाला त्याच्यांत कांहींतरी काळें असलेंच पाहिजे, असें मूल न शिकवतां शिकतें. आणि मोठीं माणसेंही शिकतात: साथीच्या पहिल्या महिन्यांत ज्यांच्या दाराला पत्रे ठोकले गेले त्यांना हें विचारावें.

आतां त्या साथींतल्या पुस्तकांकडे वळूं. आपल्या केंद्रीय आरोग्यमंत्रालयानें मार्च २०२० मध्यें एक चित्रकथा प्रसृत केली. ती चंडीगढ येथील रवीन्द्र खैवाल व सुमन मोर या दोघां प्राध्यापकांनीं तयार केलेली होती. तींत वायु नांवाचा एक महावीर मुलांना रोगाची माहिती आणि दक्षतेचे नियम सांगतो. माहिती त्या वेळच्या मानानें ठीक आहे, आणि घाबरूं नका हें सांगण्याचा सूरही मायेचा आहे. पण या लढाईंत जिंकणार कोण, असें शीर्षकांतच विचारणाऱ्या या कथेंत लढाई अशी होत नाहीं; वीराच्या हातीं उपदेशावांचून दुसरें शस्त्र दिलेलें नाहीं. लढाईची ही भाषा त्या वर्षीं जगभर बोकाळली होती. मुलाला शिपाई केलें कीं तें क्षणभर ताठ उभें राहतें, हें खरें. परंतु लढाई म्हटली कीं हार आली, आणि हार आली कीं कोणी तरी कसूर केली असलीच पाहिजे.

इंग्लंडांतील एका प्रकाशनसंस्थेनें एप्रिल २०२० मध्यें काढलेलें पुस्तक याच्या अगदीं उलट वळणाचें आहे. त्याचा मजकूर तिघींनीं लिहिला, चित्रें 'ग्रफेलो'मुळें घरोघर ठाऊक असलेल्या अ‍ॅक्सेल शेफ्लरनें काढलीं, आणि लंडनच्या सुप्रसिद्ध आरोग्यविद्यालयांतील ग्रॅहम मेडली या प्राध्यापकांनीं तें तपासून दिलें. ही गोष्ट नव्हेच. रोग म्हणजे काय, तो कसा लागतो, शाळा कां बंद आहेत, घरीं बसून कंटाळा आला तर काय करावें, असे प्रश्न आणि त्यांचीं सरळ उत्तरें. प्रौढांनीं मुलांशीं इतक्या समपातळीवर येऊन बोललेलें क्वचित् आढळतें. गोष्ट नसल्यामुळें गोष्टीचा अन्यायही त्यांत नाहीं. पण वाचून झाल्यावर मुलानें पुन्हां मागावें असें त्यांत थोडें आहे. आमच्या घरीं तें एकदां ऐकलें गेलें आणि 'समजलें' म्हणून बाजूला पडलें.

पुन्हां पुन्हां मागितलें गेलें तें तिसरें पुस्तक. संयुक्त राष्ट्रें व इतर मदतकार्य करणाऱ्या संस्था यांच्या एका संयुक्त समितीच्या मानसिक आरोग्यविषयक गटानें तें काढलें. १७०० हून अधिक मुलें, पालक आणि शिक्षक यांना आधीं प्रश्न विचारण्यांत आले, आणि त्यांच्या उत्तरांवरून हेलन पॅटक हिनें शब्द व चित्रें दोन्ही रचलीं. शंभरांहून अधिक भाषांत तें गेलें. समितीनें केलेलें वाङ्मय म्हणून मी तें नाखुशीनेंच उघडलें होतें. समितीच्या खुणा त्यांत आहेतही: प्रत्येक देशाचें मूल हजेरी लावून जातें, प्रत्येक पानावर एखादा नियम पाहुण्यासारखा बसलेला असतो. परंतु आरंभ पाहा. सारा नांवाच्या मुलीची आई शास्त्रज्ञ आहे. मुलीला ती जगांत सर्वश्रेष्ठ वाटते. आणि या आईलासुद्धां या रोगावर औषध सांपडलेलें नाहीं. ही कबुली अगदीं पहिल्याच पानावर आहे. मोठ्या माणसांना सर्व कळतें, या गृहीतावर आजवरची बोधकथा उभी असे. येथें ती आधारशिलाच काढून घेतली आहे, आणि मुलगी तरीही आईच्या कुशींत निजते. रात्रीं आरियो नांवाचा एक पंखांचा प्राणी येतो व तिला पाठीवर घेऊन देशोदेशींच्या मुलांकडे नेतो. तो राक्षसाला मारावयाला येत नाहीं. रोगाला येथें राक्षसाचें रूपच दिलेलें नाहीं. भीति वाटली म्हणजे श्वास कसा घ्यावा, मनांतल्या सुरक्षित जागीं कसें जावें, हें तो शिकवितो. किम नांवाच्या मुलाला स्वतःलाच हा रोग होऊन गेलेला आहे, आणि त्यानें काय चूक केली होती असें त्याला कोणी विचारीत नाहीं. आरोग्यविषयक बालकथेंत हें मीं प्रथमच पाहिलें.

माझी भाची त्या वेळीं सहा वर्षांची होती. टाळेबंदी लागली तेव्हां माझी बहीण तिला घेऊन चार दिवसांसाठीं आमच्याकडे आली होती, ती तशीच राहिली. हीं पुस्तकें बहीण मोबाईलवर उघडून इंग्रजींतून जुळवीत जुळवीत मराठींत सांगे. हात धुतांना वीस आकडे मोजावे असा त्या दिवसांत सर्वत्र नियम होता. भाची ते मोठ्यानें मोजी, आणि माझे वडील बाहेरच्या खोलींतून मधलाच एखादा आकडा मुद्दाम चुकीचा ओरडून तिला हंसवीत. सप्टेंबरांत वडील आजारी पडले आणि बाराव्या दिवशीं इस्पितळांतच गेले. शेवटचें दर्शन कोणालाच झालें नाहीं. पुढें आठ-दहा दिवसांनीं मी एकटा बसलों असतां भाची जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मामा, मीं एक दिवस अकरापर्यंतच मोजले होते."

मीं तिला काय सांगितलें तें येथें लिहीत नाहीं. तें फारसें शहाणपणाचें नव्हतें. एखादें पुस्तक मदतीला येतें का म्हणून आरियोचें पुस्तक पुन्हां उघडलें. किमच्या हकीकतींत कांहीं मुलांच्या घरचे आजी-आजोबा इस्पितळांत जातात आणि कांहीं आठवड्यांनीं सर्व ठीक होतें. भाचीनें तें पान ऐकलें आणि एवढेंच म्हणाली, "त्याचे आजोबा घरीं आले." पुस्तकानें तिला खोटें सांगितलें नव्हतें, बहुतेकांचे आजोबा घरीं आलेच होते. पण जेथें त्या पुस्तकानें कर्म-फळाचा सांधा धैर्यानें मोडला होता, तेथेंच शेवट मात्र त्यानें गोड ठेवला होता. ज्यांच्या घरीं तो तसा झाला नाहीं त्या मुलांसाठीं एक पान हवें होतें: सर्वांनीं सर्व नीट केलें, आणि तरीही आजोबा गेले, असें सांगणारें. हें पान लिहिणें अत्यंत अवघड आहे. तें समितीला जमेल असें वाटत नाहीं. कदाचित् एखाद्या कवीला जमेल.

पुढें जें झालें तें तर या सगळ्या वाङ्मयाच्या बुडाशींच पाणी नेणारें होतें. हा रोग हवेंतून पसरत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें मार्च २०२० मध्यें ठासून सांगितलें होतें. सर्वसामान्य लोकांनीं मास्क वापरावा ही शिफारस तिनें त्याच वर्षीं जूनमध्यें केली. आणि बंद जागेंतील हवेंतून रोग लागूं शकतो हें २०२१ च्या एप्रिलअखेर तिच्या सूचनांत स्पष्ट आलें. त्याच एप्रिलांत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें असें नमूद केलें कीं, दूषित वस्तूला हात लावल्यानें हा रोग होण्याचा संभव दर वेळीं दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. म्हणजे पहिल्या लाटेंतील बालकथांनीं ज्यावर सर्वांत अधिक भर दिला तो नियम या रोगापुरता दुय्यम होता, आणि खिडक्या उघडा हें सांगणारें पान हवें होतें. हात धुण्याची महती यानें कमी होत नाहीं. अतिसार आणि विषमज्वर यांच्यासाठीं ती पूर्वींइतकीच आहे. लेखकांनाही दोष देतां येत नाहीं. त्यांनीं त्या वेळचें शास्त्र प्रामाणिकपणें उतरून घेतलें. पण शास्त्राला उद्यां आपलें म्हणणें बदलण्याची मुभा असते, गोष्टीला नसते. आपल्या चित्रकथेच्या वीराचें नांव वायु, आणि रोगाचें खरें वाहनही तेंच ठरावें, हा योगायोग तर फारच बोलका आहे. मुलीनें अकरापर्यंत मोजलें काय आणि विसापर्यंत मोजलें काय, आमच्या घरापुरता त्याचा बहुधा कांहींच संबंध नव्हता, हें मला कळलें तेव्हां मीं तिला तें मुद्दाम सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि कांहीं बोलली नाहीं.

आरियोच्या पुस्तकाचा दुसरा भाग २०२१ सालीं निघाला. पहिल्याच्या उपशीर्षकांत मुलांनीं या रोगाशीं कसें लढावें असा शब्द होता. दुसऱ्यांत लढणें गेलें आणि आशा कशी धरावी असें आलें. एका वर्षांत त्या लेखिकेला आणि त्या मंडळींना काय काय पाहावें लागलें असेल, तें या एका शब्दाच्या फरकावरून दिसतें.

गेल्या दिवाळीच्या सुटींत भाची आमच्याकडे आली असतां या लेखासाठीं हीं पुस्तकें मीं उघडून ठेवलीं होतीं, तीं तिनें पाहिलीं. ती आतां मोठी झाली आहे. हात धुण्याचीं पानें तिला आठवत नव्हतीं. आरियो आठवत होता, आणि पहिलें पान आठवत होतें. साराच्या आईला पुढें औषध सांपडलें का, असें तिनें मला विचारलें. लस कधीं निघाली हें तिला माझ्यापेक्षां अधिक नीट ठाऊक आहे. तिचा प्रश्न पुस्तकांतल्या आईविषयीं होता. दुसऱ्या भागांत पाहूं म्हणालों, आणि आम्हीं दोघांनीं तो वाचावयास घेतला.